शेवटचा वाटा

५ फेब्रुवारी, बुधवार

अंगणवाडीतली एक कोरी वही उरली होती, ती आज काढली. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, ह्यांनी दिवसभरात काय खाल्लं ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी वही दाखवा. ह्यांनी म्हणजे आमच्या मालकांनी. गाव त्यांना दत्तोबा म्हणतं. मी नाव घेत नाही, वहीत तरी कशाला घेऊ.

दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलीत. क्रिएटिनिन तीन पॉइंट चार. युरिक ॲसिड साडेनऊ, म्हणून उजव्या पायाचा अंगठा दोन वर्षं वांग्यासारखा सुजतोय. बाईंनी विचारलं, "आजोबा, मटण किती खाता?" हे म्हणाले, "असतंय की हप्त्यातनं दोनदा." मी शेजारून म्हणाले, "चारदा." बाई म्हणाल्या, आता महिन्यातून एकदा, तेही दोन फोडी. सोडलंत तर उत्तमच. नाहीतर वर्षाच्या आत मशीन लावावं लागेल.

मशीन काय असतं ते मी पाहिलंय. माझा भाऊ सोपान दीड वर्ष त्या मशीनवर होता. शेवटी शेवटी त्याला गाडीतून उतरवताना दोघं लागायचे. मला ते परत बघायचं नाही.

पथ्याचा छापील कागद दिलाय. एका बाजूला मोठ्या अक्षरात मटण, सुकट, पापड, लोणचं, मीठ, सगळ्यांवर लाल फुल्या. मागच्या बाजूला केळी, शहाळं, पालेभाज्या, टोमॅटो, डाळिंब अशी रंगीत चित्रं आणि खाली बारीक अक्षर. आमच्या अंगणवाडीच्या तक्त्यासारखंच, एकीकडं काय टाळायचं आणि दुसरीकडं काय खायचं. हे मला पाठ आहे, तीस वर्षं गावाला हेच शिकवलं. घरी आल्या आल्या गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि फुल्यांची बाजू वर ठेवून कागद ओट्यामागच्या भिंतीला पक्का चिकटवला. आता रोज डोळ्यांसमोर राहील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी एक शहाळं, दोन केळी. दुपारी ज्वारीची भाकरी, पालक, टोमॅटोचं सार. संध्याकाळी डाळिंब, मुगाची खिचडी.

अळणी खाववत नाही म्हणून रविराजकडून बारामतीहून बीपीवाल्यांचं हलकं मीठ मागवलं. रविराज आमचा मुलगा, माळेगावला कारखान्यात आहे. पाकिटावर हृदयाचं चित्र आहे. चव जराशी कडवट लागते, पण हलकं असल्यामुळं हात आखडायला नको.

९ फेब्रुवारी, रविवार

आज खरी परीक्षा होती. आमच्या गावात, कळसला, रविवारी वाट्याचं मटण असतं. दहा-बारा घरं मिळून एक बोकड घेतात, अल्लाबक्ष मुलाणी कापून सोलून देतात आणि हे वाटे करतात. तराजू नसतो. ताडपत्रीवर केळीची पानं मांडायची आणि काळीज, गुर्दा, चरबी, नळी, सगळं सगळ्या पानांवर सारखं पडलं पाहिजे. चाळीस वर्षांत कुणी ह्यांच्या वाट्याला नाक मुरडलं नाही. नियम एकच. बाकीच्यांनी आधी उचलायचं आणि वाटे करणाऱ्यानं शेवटी राहील तो घ्यायचा.

मी सांगितलं, वाटे करा, पण आपला वाटा घरात आणू नका. हे म्हणाले, "बरं." हा माणूस रागावला तरी बरं म्हणतो आणि खूश झाला तरी बरंच म्हणतो. छत्तीस वर्षं झाली, मला अजून फरक कळत नाही.

रिकाम्या हातानं घरी आले. "वाटा कुठाय?" म्हटलं तर म्हणाले, "दिला." कुणाला ते विचारलं नाही. शेजारून फोडणीचा वास आला तेव्हा, खरं लिहायचं तर, माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. हे खाली मान घालून पालक खात होते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अंगठा उतरलाय. दोन वर्षं रबरी सपाता घालून फिरणाऱ्या माणसानं आज माळ्यावरनं कातडी पायताण काढलं, पुसलं आणि पायात घालून चावडीपर्यंत जाऊन आला. तोंडावरची सूजही कमी झालीय. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं बीपी मोजलं, तर गेल्या वर्षात एवढं चांगलं कधी आलं नव्हतं म्हणाली. लघवीला फेस येत नाही असं हे स्वतःहून म्हणाले, एरवी असलं काही बोलायचे नाहीत.

मी विहिरीवर चार बायकांना ऐकवलं, मटण कमी करून बघा घरात, हातच्या कांकणाला आरसा कशाला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पायात बळ नाही म्हणतात. उंबरा ओलांडताना दाराला धरतात. इतक्या वर्षांचं मटण एकदम तुटलं, थोडी अशक्तता येणारच. आजपासून दिवसाला दोन शहाळी. दारातला माड लागलाच आहे. शहाळं पुढं केलं की तोंड वेडंवाकडं करतात, पण पितात.

५ मार्च, बुधवार

रविराजच्या गाडीतून बारामतीला गेलो. निघायच्या गडबडीत वही ओट्यावरच राहिली.

रिपोर्ट बिघडलाय. बाई म्हणाल्या, "पोटॅशियम वाढलंय. क्रिएटिनिनही थोडं वर गेलंय. पथ्य कुठंतरी मोडतंय. कागदाप्रमाणं चाललंय ना?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हणाले, "बाई, माझ्या हातून कागदाच्या बाहेर काडी जात नाही. हेच बाहेर मटण खात असतील. वाट्याच्या निमित्तानं जातात की दर रविवारी."

हे म्हणाले, "न्हाय खात."

बाईंनी ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग ह्यांना मटणावरून पुन्हा बजावलं, एक गोळी बदलली आणि पंधरा दिवसांनी रक्त द्यायला सांगितलं. बाहेर खुर्च्या भरलेल्या होत्या, त्यामुळं जास्त बोलणं झालं नाही. पोटॅशियम म्हणजे मटणातलंच काहीतरी विष असणार. रिपोर्ट पिशवीत घातला तो परत उघडलाही नाही.

येताना गाडीत मला सारखा सोपान दिसत होता.

१२ मार्च, बुधवार

सकाळी दोन शहाळी, दोन केळी. दुपारी चुका, भाकरी. संध्याकाळी डाळिंब, राजगिऱ्याची भाजी.

मी एवढं जिवाचं रान करते आणि पाय तर रोज जास्तच जड होतायत. पायताण पुन्हा माळ्यावर गेलं. "अंगठा दुखतोय का?" म्हटलं तर म्हणाले, "अंगठा न्हाय दुखत. पाय उचलंना झालाय." खोटं बोलत असणार. मटण पोटात गेल्याशिवाय रिपोर्ट कसा बिघडेल?

जेवताना मी त्यांच्या ताटातली भाकरी पुढं सरकवली आणि म्हणाले, हिच्यावर हात ठेवून सांगा. त्यांनी हात ठेवला. "म्या न्हाय खाल्लं, जयवंता." अन्नावर हात ठेवून माणूस खोटं बोलत नाही, असं माझी आई म्हणायची. पण आईनं ह्यांना मटणाच्या पातेल्यापाशी बसलेलं पाहिलं नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

२३ मार्च, रविवार

आज मी जे केलं ते लिहायची लाज वाटतेय. पण मी चुकले असं मला वाटत नाही.

रमजान चालू आहे. रोजा सोडायच्या वेळेला हे अल्लाबक्षभाईंच्या अंगणात जाऊन बसतात, चार दिवस मी बघतेय. आज वाटे झाले आणि शेवटचा वाटा घेऊन हे सरळ तिकडंच गेले. मी रोजा सुटायच्या सुमाराला दबकत मागून गेले. अंगणात मुलाण्यांचे पाच-सात पाहुणे बांगेची वाट बघत बसलेले. हे कडेला बाजेवर. आत चुलीवर हंडी रटरटत होती. मी चपला न काढता भाईंच्या बायकोच्या, सलिमाभाभीच्या स्वयंपाकघरात घुसले आणि झाकण उचललं. नळ्यांचा रस्सा होता.

बाहेर येऊन सगळ्यांपुढं बोलले. "जन्मभर लोकांचे वाटे सारखे केले आणि बायकोच्या वाट्याला खोटेपणा ठेवला. भाकरीवर हात ठेवताना हात झडला कसा न्हाय?"

भाभी पदर सावरत म्हणाली, "वहिनी, ती हंडी झोयासाठी हाय. बाळंतीण हाय माझी पोर. भाऊ आमच्यात पानी बी पीत न्हाईत."

मी म्हणाले, "तुमी तर त्यांचीच बाजू घ्याल."

तेवढ्यात बांग झाली आणि कुणीच खजुराला हात लावला नाही, सगळे माझ्याकडं बघत राहिले. हे उठले, बाजेला धरून जरा वेळ उभे राहिले आणि चालू लागले. वाटेत मी मागं, हे पुढं. घरी आल्यावर म्हणाले, "जेवायला काय हाय?" एवढंच. मी खिचडी वाढली. ती सगळी खाल्ली.

३१ मार्च, सोमवार

ईद. दरवर्षीसारखा सलिमाभाभीचा शीरखुर्म्याचा डबा आला. मी परत पाठवला. हे बघत होते.

पंधरा दिवस कधीच उलटले. यात्रा झाली की जाऊ म्हणते. खरं कारण वेगळंच आहे. तो रिपोर्ट बघायची माझी छाती होत नाही.

६ एप्रिल, रविवार

रविवार असून वाट्याला गेले नाहीत. दिवसभर ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. छातीत मधेच ठोका चुकल्यासारखं होतं म्हणतात. मला भीती वाटतेय, फार भीती वाटतेय. आज देवापुढं बसून म्हणाले, मी जेवढं जाणते तेवढं सगळं केलं, आता मला आणखी काही येत नाही. तिसरं शहाळं सुरू केलं. चुलीपुढं उभी राहिले की कागदावरच्या फुल्या बघते आणि स्वतःलाच विचारते, कुठं चुकतंय? एकही फुली मोडलेली नाही.

ह्यांचे पाय मांडीवर घेऊन दाबले. "कशाला तरास घेतीस," म्हणाले. मी म्हणाले, "खरं सांगा, मी रागावणार न्हाय. कुठं खाता?" माझ्या तोंडाकडं बघत राहिले आणि मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता कबूल करतील. पण झोपले.

१६ एप्रिल, बुधवार

यात्रेचा दुसरा दिवस. आज भावकीचे सात बोकड आहेत. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत, "माझ्याबिगर वाटं कोण करील?" उन्हात उभं राहायचंय म्हणून निघताना दोन शहाळी पाजली आणि तिसरं बरोबर दिलं.

१८ एप्रिल, शुक्रवार. बारामती, दवाखाना

परवा काय झालं ते लिहिते.

दुपारी बाराच्या सुमाराला लोक ओरडत आले. ताडपत्रीवर साठ पानं मांडलेली, चाळीसेक भरून झालेली, आणि हे हातात सुरा धरून तिथंच खाली बसले ते आडवेच झाले. अल्लाबक्षभाईंनी सुरा काढून घेतला आणि ह्यांना पाठीवर घेऊन गाडीपर्यंत पळाले. भाई चौसष्ट वर्षांचे आहेत. मी गाडीत चढले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "यात्रंचं मटण हाणलं असंल." मलाही तेच वाटत होतं. ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी मनातल्या मनात ह्यांनाच शिव्या देत होते.

दवाखान्यात छातीला तारा लावल्या. बाई धावत आल्या, इंजेक्शनं दिली. पोटॅशियम साडेसात, हृदय थांबायच्या बेतात आहे म्हणाल्या. लगेच मशीनवर घेतलं. सोपानला लावलं होतं तेच मशीन.

रविराज घरून कपड्यांबरोबर ही वही घेऊन आला होता. संध्याकाळी बाईंनी विचारलं, "काय खाल्लं त्यांनी?" मी म्हणाले, "त्यांनाच विचारा. चोरून मटण खातात." बाईंनी वही मागितली. उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि मग खुर्ची ओढून बसल्या. सगळी वाचली, भाकरीवर हात ठेवल्याचं, हंडीचं, सगळं. मी समोर उभी होते.

मग हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, ही शहाळी कुणी सांगितली?"

"कागदावर होती की. मागच्या बाजूला."

बाईंनी टेबलावरून तसाच एक कागद उचलला, उलटा केला आणि चित्रांखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. मी चष्मा लावून वाचलं. "पोटॅशियम जास्त असलेले पदार्थ. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत." केळी, शहाळं, पालक, टोमॅटो, डाळिंब. सगळ्यात खाली मिठाच्या पाकिटाचं चित्र होतं आणि लिहिलं होतं, कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियमच असतं.

भिंतीला चिकटलेली बाजू ती.

मी विचारलं, "मग मटण?" बाईंनी मार्चचा रिपोर्ट काढला, जो माझ्या पिशवीत दीड महिना पडून होता. युरिक ॲसिड साडेनऊवरून सहावर आलेलं. लघवीतून जाणारं प्रथिन निम्म्यावर. "मटण खाणाऱ्याचा हा रिपोर्ट नाही," बाई म्हणाल्या. "त्यांनी ते सोडलंय आणि त्याचा फायदा झालाय. त्या दिवशी तुम्ही मटण म्हणालात आणि मीही त्यांना जास्त काही विचारलं नाही. माझंही चुकलंच."

तो अंगठा दुखत नव्हता. खरंच दुखत नव्हता.

१९ एप्रिल, शनिवार

दुसऱ्यांदा मशीन झालं. डोळे उघडतात, पाणी मागतात. मी समोर गेले नाही. दाराच्या काचेतून बघते.

दुपारी सलिमाभाभी आली. मी ओळखच दिली नाही, म्हणजे मला तोंडच वर करवेना. ती शेजारी बसली. मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, भाऊ एकदा म्हनले व्हते, शहाळं प्यालं की छातीत फडफडतंय. म्या म्हनलं, मग नका की पिऊ. तर म्हनले, ती हातानं देती. नको म्हनलं तर तिला वाटंल मी जगाय बघत न्हाय."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तीस वर्षं गावाला काय खावं ते शिकवलं आणि घरातल्या माणसाला स्वतःच्या हातानं मारायला निघाले होते. हे प्रत्येक घोट जाणून प्याले.

वहीची मागची पानं चाळली. जित्याची खोड मेल्याशिवाय, ती ओळ सापडली. खोडून टाकली, पण खालचं वाचता येतंच.

२४ एप्रिल, गुरुवार

घरी आणलं. क्रिएटिनिन पुन्हा साडेतीनवर आलंय. मशीन तूर्त बंद. बाई म्हणाल्या, मटण असंच कमी ठेवलं आणि बाकीचं नीट सांभाळलं तर वर्षं निघतील, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही. दोन्ही बाजूंचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलाय.

जुना कागद ओल्या फडक्यानं भिजवून उलथन्यानं खरवडला. खळ इतकी पक्की की तुकडे तुकडे निघाले. एका तुकड्यावर केळं होतं.

स्वयंपाक करायला उभी राहिले आणि हात चालेना. भोपळा धुतला, परत धुतला. बाईंना तीनदा फोन केला, भोपळा चालतो ना म्हणून. ह्यांच्या ताटात वाढताना वाटलं, विचारतील, ह्यात काय घातलंय. विचारलं नाही. पहिला घास माझ्याकडं बघतच खाल्ला. मी आत जाऊन दार लावून घेतलं. मला जेवण गेलं नाही. ह्यापुढं वही लिहिणार नाही. माझ्या लिहिण्यावर माझाच भरवसा राहिला नाही.

२७ यप्रिल, रयवार

जयवंता लिवत न्हाय म्हणून मी लिवतो. माझं अक्षर वंगाळ हाय. सातवीत साळा सुटली.

जयवंतानं काय खाल्लं ते. सुक्रवारी चा. सनवारी चा आन अर्धं बिस्कुट. आज सकाळी काय न्हाय.

मी वाट्याला गेलतो. अल्लाबक्षनं सुरा दिला, बसून वाटं केलं. माझा वाटा झोयाला दिला. सलिमाभाभीनं जयवंतासाठी शीरखुर्मा पुन्यांदा करून दिला हाय. म्हनली, दूद हाय, भाऊ, तुमी खाऊ नका. नवा कागद म्या दोन्हीकडनं वाचला.

दुपारी ही ताटावर बसंना. म्हनली, तुमी खावा, माझा हात इखारी हाय. मी म्हनलं बरं. एक भाकरी घेतली, दोन वाटं केलं, ताटात मांडलं. म्हनलं, तू आदी उचल. ती म्हनली, मला नको. म्या म्हनलं, वाटं करणाऱ्यानं शेवटचा उचलायचा असतो, तू उचलल्याबिगर मला खाता येत न्हाय. मला गोळी घ्यायची हाय, उपाशी पोटी चालत न्हाय.

मग तिनं बारका उचलला. म्या सारखंच केलं व्हतं, पण तिला त्यो बारका दिसला.

जयवंतानं दुपारी अर्धी भाकरी, दोडका, अर्धी वाटी शीरखुर्मा खाल्ला. रातचं उंद्या लिवतो.